पिवळी रेघ आणि एक दुरुस्ती

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सभागृहात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळ पाळणारच, असा त्यांचा समज दिसतो. मी प्रयत्न करतो. कुणाला डुलकी लागली तर लागू द्या, फक्त घोरू नका, कारण माइक चांगला आहे आणि रेकॉर्डिंग चालू आहे.

आज २८ फेब्रुवारी, म्हणजे सर सी. व्ही. रामन यांचा दिवस. १९२८ साली याच तारखेला त्यांनी आपला प्रकाशाचा शोध लावला. रामन हे आम्हा नोकरदारांना जरा जास्तच जवळचे, कारण तरुणपणी ते सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. काही काळ त्यांची बदली आपल्या नागपूरलाही झाली होती. पुढे कलकत्त्याला ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी काम केलं. आम्हीही ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर वेळ काढायचो, पण तो गाडी पकडण्यात आणि पत्ते खेळण्यात गेला. असो. रामन यांच्यावर शाळेत मुलांनी पुष्कळ ऐकलं असेल. मी आज दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. प्रकाशाचाच अभ्यास करणारा, आपल्या महाराष्ट्रातच काम केलेला, रामन यांच्याही आधीच्या पिढीतला. नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. हात वर करा, हे नाव कुणी ऐकलंय?

एकही हात नाही. ठीक आहे. दोन वर्षांपूर्वी माझाही वर गेला नसता.

पण त्यांच्याकडे वळण्याआधी मला एक चूक दुरुस्त करायची आहे. ती मी याच सोसायटीत, मागच्या ओपन स्पेसमध्ये, कोजागिरीच्या रात्री केली होती. बारा वर्षं झाली असतील. दूध आटायला वेळ होता, मुलं कंटाळली होती, कुणीतरी म्हणालं, काका, काहीतरी सांगा. मी सांगितलं. हेलियम वायूचा शोध आपल्या कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ किल्ल्यावर दुर्बीण लावून बसला होता, सूर्याभोवती त्याला एक पिवळी रेघ दिसली, आणि जगाला हेलियम मिळाला. प्रमोशनवर मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात तीन वर्षं होतो. खानदेशातला माणूस, तिथला पाऊस बघूनच निम्मा झालो होतो. पण एका रविवारी विजयदुर्गला गेलो, तिथले ‘साहेबाचे ओटे’ बघितले, ही हकिकत ऐकली, आणि छाती फुगवून घरी आलो. तेव्हापासून जिथे संधी मिळेल तिथे सांगत आलो.

त्या कोजागिरीला आपल्या तिसऱ्या ओळीतली एक मुलगी पुढे बसली होती. सहावीत होती. तिने त्यावर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मोठा तक्ता केला. परीक्षकांनी विचारलं, लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गात होते याला आधार काय? ती म्हणाली, आमच्या सोसायटीतले बँकेतले काका सांगतात. सगळे हसले. तिने हे मला कधी सांगितलं नाही. आता ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली. गेल्याच्या गेल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, “काका, राग मानू नका, पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते.”

मला राग आला नाही, लाज वाटली. आयुष्यभर मी ज्युनियर लोकांना सांगत आलो, व्हाउचर नसेल तर एन्ट्री पास करू नका. आणि स्वतः मात्र इतकी वर्षं एका ऐकीव गोष्टीवर सही ठोकत होतो. त्यानंतर मी वाचायला बसलो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे घरचे ओरडायचे, पण वाचलं. म्हणून आज तुमच्यासमोर ही रिव्हर्सल एन्ट्री पास करतोय. ती मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी आहे. तिच्या आईवडिलांना विनंती, तिला कळवा.

आता खरं काय झालं ते बघू.

आधी ही रेघ म्हणजे काय, ते मुलांसाठी. ऊन लोलकातून गेलं की सात रंगांचा पट्टा पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला वर्णपट म्हणतात. पण एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ प्रकाशू लागली, तर तिच्या वर्णपटात अखंड पट्टा दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर सुट्या सुट्या रंगीत रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. आपली सही जशी दुसऱ्याची होत नाही, तसंच. बँकेत स्पेसिमन सिग्नेचरचं कार्ड असायचं. चेक आला की कार्ड काढून सही जुळवायची. वर्णपटाचं काम तेच. तारा कोट्यवधी मैल दूर असला तरी त्याचा प्रकाश हा त्याचा चेक, आणि त्यावर सही असतेच.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. वरण उतू जातं आणि गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. का? वरणातल्या मिठात सोडियम असतो, तो पिवळ्या रेघांनी सही करतो. सोडियमच्या रेघा दोन, अगदी चिकटून. धुळ्याला बी.एस्सी. करताना मी त्या स्पेक्ट्रोमीटरमधून पाहिल्या होत्या. अंधारी खोली, सोडियमचा दिवा, एक डोळा मिटून तास-तास बसायचं. आधी एकच जाड रेघ दिसते. स्क्रू हळूहळू फिरवत गेलं की एका क्षणी तिच्या दोन होतात. मला आठवतं, त्या दोन झाल्या तेव्हा मी मोठ्याने ओरडलो होतो आणि डेमॉन्स्ट्रेटर धावत आले होते. त्यानंतर वर्षभरात बँकेचा कॉल आला. घरची परिस्थिती बघता विचार करण्यासारखं काही नव्हतं. स्पेक्ट्रोमीटर गेला, लेजर आलं.

त्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ या आकड्यांवर येतात. नॅनोमीटर म्हणतात, त्या मापाची काळजी करू नका, आकडे लक्षात ठेवा. आणि हेलियमची पिवळी रेघ येते ५८७.६ ला. म्हणजे जवळच्या सोडियम रेघेपासून फरक १.४ चा. ५८९ मध्ये १.४.

१८६८ च्या त्या ग्रहणाची सावली आपल्या देशावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. ऑगस्टचा महिना, ढगांचा. गुंटूरला जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. आणि जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, जॉन हर्शेल नावाचे लेफ्टनंट होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट दिसला: एक लाल रेघ, एक नारिंगीसर पिवळी, एक निळी. पिवळी त्यांनी सोडियमची धरली. म्हणजे बघा, आमच्या कोजागिरीच्या गोष्टीत अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्या दिवशी एका मराठी संस्थानिकाच्या मुलखातून ती रेघ दिसली होती. फक्त तिचं खातं चुकलं, सोडियमच्या नावावर जमा झाली.

जान्सेन यांना गुंटूरला वेगळंच सुचलं. या रेघा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. इकडे लॉकियर इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे त्याच खटपटीत होते. ते तेव्हा काय करत होते माहीत आहे? ब्रिटिश सरकारच्या युद्धखात्यात कारकून होते. आकाश बघणं हा त्यांचा ऑफिसबाहेरचा उद्योग. २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेच्या रेघा पाहिल्या. जान्सेन आणि लॉकियर दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. पण लॉकियर एका गोष्टीवर अडून बसले. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नव्हती. १.४ चा फरक पडत होता.

इथे बसलेल्या बँकवाल्यांना कळेल मी काय म्हणतोय. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा डे-बुक टॅली व्हायचं नाही. फरक किती? एक रुपया चाळीस पैसे. शिपाई म्हणायचा, साहेब, माझ्या खिशातून देतो, घरी चला. पण तसं चालत नाही. कारण तो एक रुपया चाळीस पैसे एकच चूक नसते. इकडे हजाराची चूक, तिकडे नऊशे अठ्ठ्याण्णव साठची, आणि वर तरंगतो एवढासा फरक. लॉकियर यांनी तो फरक सोडून दिला नाही. ही पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची सही आहे, असं ते म्हणाले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम नाव मिळालं. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली. आता तो वायू आपण पहिल्या वाढदिवसाच्या फुग्यांत भरतो.

मग विजयदुर्गचे ओटे? लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरंच आहे. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनंतर. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमिनी’ जहाजाचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. ओटे त्यांच्या दुर्बिणींचे असतील तर या ग्रहणाचे. हेलियम तोवर पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती. लोकांनी दोन ग्रहणं एकात एक मिसळली, आणि त्या मिसळीत माझाही चमचा होता. तिथे दर वर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. मुलं आकाशाबद्दल चार गोष्टी ऐकतात, त्याला माझी हरकत नाही. पण साल बरोबर सांगायला हवं.

हे सगळं तपासत असताना, त्याच १८९८ च्या ग्रहणाच्या कागदांत मला नायगमवाला भेटले. मला वाईट वाटलं ते याचं, की साहेबाने जे तिथे केलं नाही त्याचा ओटा आपण जपला, आणि आपल्या माणसाने जे इथे केलं त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. पारशी घर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच पदार्थविज्ञानाचे व्याख्याते झाले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्या काळचे दहा हजार! नायगमवाला १८८४ ला इंग्लंडला गेले, तिथल्या जाणत्या खगोलशास्त्रज्ञांशी बोलले, आणि त्यांचा बेत बदलला. नुसती प्रयोगशाळा कशाला, आकाशातल्या प्रकाशाचा वर्णपट काढणारी वेधशाळाच उभी करू. परत आल्यावर त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला झाली. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो, तेच ते. आपल्या सोसायटीतली किमान चार मुलं तिथे शिकून गेली आहेत. त्या आवारात १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली: महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. डब्लिनच्या ग्रब कंपनीकडून वीस इंची आरशाची दुर्बीण आली. वीस इंच म्हणजे आपल्या मोठ्या परातीएवढा आरसा. तेव्हा देशात त्याहून मोठी दुर्बीण नव्हती, आणि पुढेही कितीतरी वर्षं नव्हती.

मद्रासला त्याआधीपासून वेधशाळा होती, पण तिथे मुख्यतः ताऱ्यांच्या जागा मोजत. तारा कुठे आहे, हा प्रश्न. पुण्याला नायगमवाला विचारत होते, तारा कशाचा आहे? म्हणून खगोलभौतिकीची देशातली पहिली वेधशाळा असा तिचा उल्लेख होतो.

आता मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. आज घरी जाताना गच्चीवर जा. या दिवसांत संध्याकाळी मृग नक्षत्र चांगलं वर असतं. एका ओळीतले तीन तारे, बाण म्हणतो आपण, त्यांच्या खाली बारीक डोळे करून बघितलं तर धुरकट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेघ आहे, आणि त्या काळी ती कुणाची सही आहे ते कुणालाच कळत नव्हतं. लॉकियर आता कारकून राहिले नव्हते. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकाचे संस्थापक-संपादक, मोठं प्रस्थ. त्यांचा सिद्धान्त असा की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि ती हिरवी रेघ मॅग्नेशियमची. खरं म्हणजे त्यांच्या मते ती रेघ नव्हती, मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची उरलेली कड होती. असा पट्टा एका बाजूला ठसठशीत असतो आणि दुसऱ्या बाजूला विरत जातो. ब्रशने रंगाचा फटकारा मारला की शेवटी विरतो ना, तसा. दुसरे मोठे शास्त्रज्ञ हगिन्स म्हणत, नाही, ती स्वच्छ रेघ आहे. दोन मोठ्या माणसांचं जाहीर भांडण चाललं होतं.

पुण्याच्या कॉलेजातला तिशीतला प्राध्यापक. त्याने आपली दुर्बीण मृगाकडे वळवली, वर्णपटदर्शक लावला आणि बघितलं. रेघ दोन्ही बाजूंनी धारदार होती, विरणं नव्हतंच. त्याने तसं लिहिलं. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात ते टिपण छापून आलं. लॉकियर यांच्या म्हणण्याच्या थेट विरुद्ध.

थोडा विचार करा. काळ १८९१ चा. गुलाम देशातला, सरकारी कॉलेजात नोकरी करणारा माणूस. समोर साहेबांचा साहेब. आमच्या वेळी रीजनल मॅनेजरच्या आकड्यात चूक दिसली तरी आम्ही “सर, जरा बघता का” एवढं म्हणायला तीन दिवस घ्यायचो. एकदा तर मी म्हटलंच नाही. एका शाखेत, कुठल्या ते सांगत नाही, वरिष्ठांनी पाठवलेल्या स्टेटमेंटमध्ये मला फरक दिसत होता. मी सही केली. नुकसान कुणाचं झालं नाही, पुढच्या तिमाहीत ते आपोआप निस्तरलं. पण चाळीस वर्षं झाली तरी त्या सहीचा कागद मला आठवतो. नायगमवाला यांचं हे टिपण वाचून मला तो आठवला.

लॉकियर चुकले होते. आणि ती हिरवी रेघ नेमकी कुणाची, हे नायगमवाला यांनाही माहीत नव्हतं, हगिन्स यांनाही नाही. तिला ‘नेब्युलियम’ असं एका काल्पनिक मूलद्रव्याचं नाव देऊन ठेवलं गेलं. आमच्या भाषेत सस्पेन्स अकाउंट. हिशेब लागेपर्यंत रक्कम तिथे पडून. तो लागला १९२७ ला. अमेरिकेतले बोवेन यांनी दाखवलं की ती साध्या ऑक्सिजनची रेघ आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अत्यंत विरळ जागेत असला की अशी सही करतो.

आता १८९८. पुण्यात आदल्या वर्षी प्लेगने काय केलं आणि रँडवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोय. त्याच सुमारास खग्रास ग्रहणाची पट्टी विजयदुर्गावरून शिरून जेऊर, पुढे वऱ्हाड अशी तिरपी गेली. आपल्या खानदेशात ते खंडग्रासच होतं. पण इंग्लंडहून आलेली एक तुकडी बसली होती पुलगावला आणि एक तळणीला. ही दोन्ही स्टेशनं आपल्या भुसावळ-नागपूर लाइनीवर आहेत. म्हणजे मुंबईहून त्या दुर्बिणींच्या पेट्या आपल्याच जळगाव-भुसावळवरून गेल्या असणार. स्टेशनवरच्या हमालांना काय वाटलं असेल कोण जाणे! तळणीला आलेल्यांत एव्हरशेड नावाचे हौशी निरीक्षक होते. ते पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि १९०९ मध्ये त्यांनी सूर्याच्या डागांभोवतालच्या वायूंचा प्रवाह शोधला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

नायगमवाला यांनी तळ टाकला जेऊरला. पुणे-सोलापूर लाइनीवरचं करमाळा तालुक्यातलं जेऊर. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचीही छावणी होती. ग्रहणाची पूर्ण अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. महिनोनमहिने तयारी करायची ती या दोन मिनिटांसाठी. त्यातही वर्णपटवाल्यांची खरी कसोटी पूर्णावस्थेच्या आधीच्या आणि नंतरच्या दोनचार सेकंदांत. सूर्याची अगदी शेवटची कड झाकली जाते तेव्हा वर्णपटातल्या काळ्या रेघा एकदम उजळतात आणि विझतात. झगमग वर्णपट म्हणा हवं तर. त्यात हेलियमची ती पिवळी रेघही असते. हे फोटोवर पकडायचं. चुकलं तर पुढच्या ग्रहणाची वाट बघा, तेही कुठल्या देशात होईल तिथे जाऊन. जेऊरचा सगळा अहवाल त्यांनी १९०२ साली छापला. त्या वेधशाळेचं ते पहिलं प्रकाशन. तख्तसिंहजी महाराज मात्र तो बघायला नव्हते, ते १८९६ लाच वारले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायला मला आवडत नाही. सरकारने दक्षिणेत कोडाईकनालला सूर्याची मोठी वेधशाळा काढली. पुण्यात जे होतं ते एका माणसाच्या जिवावर होतं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. पंचवीस वर्षंही पुरती झाली नव्हती. उपकरणं पेट्यांत भरून कोडाईकनालला गेली. ती वीस इंची दुर्बीण तिथे किती वर्षं पडून राहिली बघा, स्वातंत्र्यानंतर कुठे ती नीट उभी राहिली. तिथे तिला भावनगर दुर्बीण म्हणतात. देणाऱ्याचं नाव राहिलं, वापरणाऱ्याचं गेलं. नायगमवाला १९३८ पर्यंत होते.

मला त्यांचाही थोडा राग येतो. बदली झाली की आम्ही चार्ज देताना किल्ल्या, स्टॅम्प, अर्धवट फाइली, कुठल्या खातेदाराशी कसं बोलायचं, सगळं पुढच्याला सांगून जायचो. नायगमवाला यांच्या जागी बसणारा कुणी तयार झाला नाही. आता तो दोष त्यांचा किती, आणि त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेचा किती, हे शंभर वर्षांनी जळगावात बसून ठरवणं बरोबर नाही. सरकारला दुसरीकडे एक वेधशाळा मिळाली होती, दोनदोन कशाला सांभाळायच्या, असा हिशेब झाला असेल. असे हिशेब मीही पुष्कळ पाहिलेत. तोट्यातली शाखा बंद करताना कुणी विचारत नाही की त्या गावात दुसरी बँक आहे का.

पण काम गेलं नाही. आपल्या सराफ बाजारात जा. पूर्वी गोल्ड लोनला आम्ही व्हॅल्युअर बोलवायचो. तो कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, वर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि रंग बघून सांगायचा, साहेब, बावीसचं आहे. आता काउंटरवर कॅरेट मीटर असतं. दागिना डबीत ठेवतात, झाकण लावतात, अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे: सोनं एवढं, चांदी एवढी, तांबं एवढं. आत काय होतं? दागिन्यावर क्ष-किरण पडतात, आणि प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या किरणांनी उत्तर देतो. मशीन त्या सह्या जुळवून बघतं. पुण्याच्या त्या घुमटाखाली नायगमवाला मृगाच्या तेजोमेघाला जे विचारत होते, तेच आपला सराफ तुमच्या मंगळसूत्राला विचारतो.

सेक्रेटरी घड्याळ बघतायत. दोनच गोष्टी राहिल्यात.

पहिली, या स्मरणिकेत आपल्या जुन्या कोजागिरीचे फोटो छापणार आहेत असं कळलं. त्यात मी हात वर करून बोलतोय असा एक आहे. छापा, पण खाली लिहा: ‘या प्रसंगी वक्त्यांनी दिलेली माहिती चुकीची होती, पान अमुक पाहा.’ हे मी गमतीत सांगत नाहीये.

दुसरी. टेबलावर मी स्पिरिटचा दिवा आणलाय, मिठाची वाटी आहे, आणि हे खोके. बुटाचंच आहे. एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडली, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरपा चिकटवला, वर बघायला भोक. नातवाने आणि मी काल रात्री केलं. दोनदा चुकलं. यात सोडियमच्या दोन रेघा सुट्या दिसणार नाहीत, त्याला चांगला स्पेक्ट्रोमीटर लागतो, पण पिवळी रेघ दिसेल. मीठ मी टाकणार, दिव्याला कुणी हात लावायचा नाही.

वॉचमनदादा, तेवढे हॉलचे दिवे बंद करा. पंखेही, ज्योत हलते. लहान मुलं आधी, ओळीने या. चष्मा असेल तर काढू नका.